कॉम्बॅट आर्मर घालून चहाला जाता येत नाही: ट्रॅव्हलरच्या नव्या रेफ्रींसाठी

ट्रॅव्हलर या रोलप्लेइंग गेममध्ये प्रत्येक प्लेअर एकेक पात्र खेळतो आणि रेफ्री गोष्ट आणि नियम चालवतो. रेफ्री म्हणून माझ्या पहिल्या कॅम्पेनची, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीची, वाट मीच लावली, आणि तीही हौसेने. एका कामाचा मोबदला म्हणून मी एका प्लेअरला कॉम्बॅट आर्मर, म्हणजे जड लष्करी चिलखत, देऊन टाकलं. पुढच्या सेशनला बंदरावरच्या गुंडांनी त्याच्यावर पिस्तुलं रिकामी केली. गडी उभाच, वर विचारतो, "झालं का?" सगळे हसले, मीही हसलो. त्याच्या पुढच्या सेशनला मात्र मी चिडून गुंडांच्या हाती लेझर रायफली दिल्या. आर्मरवाल्याला थोडं खरचटलं आणि शेजारी साध्या जॅकेटात उभी असलेली आमची डॉक्टर पहिल्याच झोतात आडवी झाली. जिच्यावर माझा राग नव्हता तीच मेली.

नव्या रेफ्रीकडून हमखास होणारी ही चूक आहे. चिलखत जड झालं म्हणून बंदुका जड करायच्या, मग प्लेअर आणखी जड चिलखत शोधणार, आणि ज्यांच्याकडे ते नाही ते मधल्या मध्ये भरडले जाणार. ट्रॅव्हलरमध्ये यावरचा उपाय शस्त्रांच्या तक्त्यात नाही. तो ग्रहाच्या माहितीच्या ओळीत, शेवटून दुसऱ्या आकड्यात आहे. त्याला लॉ लेव्हल म्हणतात, म्हणजे तिथला कायदा किती कडक, आणि बहुतेक नवे रेफ्री तो आकडा वाचून पुढे जातात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मार्क मिलर यांचा ट्रॅव्हलर हा अंतराळातल्या साहसांचा रोलप्लेइंग गेम गेम डिझायनर्स वर्कशॉप या अमेरिकन प्रकाशनाने १९७७ साली काढला. आज बहुतेक टेबलांवर मंगूस पब्लिशिंगची दुसरी आवृत्ती चालते, २०१६ची किंवा तिची २०२२ची सुधारित प्रत. खालचे आकडे याच आवृत्तीचे आहेत.

पायरी १: वजाबाकी नीट समजून घ्या

तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या दुसऱ्या रोलप्लेइंग गेमवरून येत असाल तर आधी तिथली सवय सोडावी लागेल. तिथे चिलखत तुम्हाला मार *बसू* देत नाही. पाचव्या आवृत्तीत लेदर घातलं की आर्मर क्लास, म्हणजे मार बसायला समोरच्याला गाठावा लागणारा आकडा, ११ अधिक चपळाई, प्लेट घातलं की सरळ १८. वीस बाजूंच्या फाशावर आर्मर क्लासचा प्रत्येक गुण साधारण पाच टक्क्यांचा. अकराचे बारा होवोत की सतराचे अठरा, फरक तेवढाच. शिवाय प्लेटची किंमत १,५०० सोन्याची नाणी, म्हणजे सुरुवातीची काही लेव्हल तरी खिसाच समतोल राखतो.

ट्रॅव्हलरच्या १९७७च्या आवृत्तीतही चिलखताचा परिणाम मार बसतो की नाही यावरच व्हायचा. कुठलं शस्त्र कुठल्या चिलखतावर किती चालतं याचा एक मोठा तक्ता होता. आताच्या आवृत्तीत मात्र चिलखत सरळ वजा होतं. सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, कौशल्य मिळवायचं, ८ किंवा जास्त आले की मार बसला. ८च्या वर जितके आले त्याला इफेक्ट म्हणतात, तो डॅमेजमध्ये मिळवायचा. मग त्यातून चिलखताचा आकडा वजा. उरलेला मार आधी पात्राच्या एन्ड्युरन्स (दम) या गुणातून जातो, ते संपलं की स्ट्रेंग्थ (ताकद) किंवा डेक्स्टेरिटी (चपळाई) मधून. यांपैकी दोन शून्यावर आले की माणूस बेशुद्ध, तिन्ही शून्यावर आले की खलास.

वजाबाकी दिसायला सोपी असते, पण तिचा वाढत जाणारा परिणाम नवख्याच्या लक्षात येत नाही. म्हणून एकदा कागदावर हिशेब करूनच टाकू. सर्वसाधारण माणूस घ्या, तिन्ही गुण ७, म्हणजे अंगात एकूण २१. समोर साधी रायफल, डॅमेज ३डी, म्हणजे तीन फाशांची बेरीज, सरासरी १०.५. सोपं जावं म्हणून इफेक्ट शून्य धरू.

अंगावर काहीच नसेल तर सरासरी दोन गोळ्यांत माणूस संपतो.

टेक लेव्हल (तंत्रज्ञानाची पातळी) ७चं क्लोथ, म्हणजे गोळी अडवणाऱ्या कापडाचं चिलखत, घातलं, संरक्षण ५, तर दर गोळीला साधारण साडेपाच मार आत जातो. चार गोळ्या लागतात.

टेक लेव्हल १०चं क्लोथ, संरक्षण ८. आता दर गोळीला सरासरी २.८ मार. सात-आठ गोळ्या. चारातली एक गोळी तर काहीच करत नाही.

आणि माझ्या त्या आर्मरचं संरक्षण होतं १३. दर गोळीला सरासरी ०.३. त्या माणसाला रायफलने मारायला साधारण पासष्ट गोळ्या *लागाव्या* लागतात, नुसत्या झाडून भागत नाही.

पाचावरून आठावर गेलो, तीनच गुण वाढले आणि माणूस दुप्पट टिकाऊ झाला. आठावरून तेरावर गेलो, पाच गुण, आणि तो आठ-नऊ पट टिकाऊ झाला. खरं टेबल इतकं टोकाचं नसतं, कारण चांगल्या नेमबाजाचा इफेक्ट तीन-चार येतो आणि तो थेट डॅमेजमध्ये मिळतो. तरीही चढ हा असाच राहतो. बॅटल ड्रेस या यंत्रशक्तीवर चालणाऱ्या चिलखताचं संरक्षण २२ आहे आणि ३डी फाशांवर जास्तीत जास्त १८ येतात, यातच सगळं आलं.

आता त्या रात्रीची लेझर रायफल बघा. ५डी, सरासरी १७.५. आर्मरवाल्याला साडेचार लागले. डॉक्टरच्या अंगावर जॅक, म्हणजे जाड चामड्याचं जॅकेट, संरक्षण १. तिला साडेसोळा. एन्ड्युरन्स संपलं, स्ट्रेंग्थ संपली, डेक्स्टेरिटीलाही हात लागला. एका झोतात. एकच शस्त्र दोघांसाठी बरोबर असणं या नियमांत शक्यच नाही.

त्यामुळे "चिलखताचे आकडे थोडे कमी करू का?" हा जो पहिला विचार येतो तो बाजूला ठेवा. मीही केला होता. कॉम्बॅट आर्मर १३वरून १०वर आणलं की व्हॅक सूट (अंतराळातला हवाबंद पोशाख), जहाजाचा पत्रा, चुंबकाच्या जोरावर गोळी फेकणाऱ्या गाऊस रायफलचं पाच गुणांचं चिलखतभेदन, सगळं एकमेकांत अडकलेलं सोडवत बसावं लागतं. आकडे आहेत तसे राहू द्या. विचार चिलखताच्या ताकदीचा करू नका, ते *कुठे घालता येतं* याचा करा.

पायरी २: ग्रहाची ओळ वाचायला शिका

ट्रॅव्हलरमधल्या प्रत्येक जगाला एक ओळ असते. खेळातल्या विश्वाच्या स्पिनवर्ड मार्चेस या भागातलं प्रसिद्ध जग रेजिना, त्याची ओळ अशी: ए७८८८९९-सी. डावीकडून वाचा. स्टारपोर्ट (अंतराळयानांचं बंदर) ए, म्हणजे उत्तम. ग्रहाचा आकार ७, वातावरण ८, पाणी ८, लोकसंख्या ८, सरकार ९, लॉ लेव्हल ९. शेवटी टेक लेव्हल सी, म्हणजे १२, कारण नवाच्या पुढे अक्षरं सुरू होतात. लोकसंख्येचा ८ म्हणजे कोट्यवधी माणसं. सरकार ९ म्हणजे निर्विकार नोकरशाही. मराठी प्लेअरला हे समजावून सांगावं लागत नाही, "टेबल नंबर चारला जा" एवढं म्हटलं की पुरतं.

स्वतः जग बनवत असाल तर लॉ लेव्हल अशी निघते: दोन फासे, वजा ७, अधिक सरकारचा आकडा. सरकारही तसंच निघतं, दोन फासे, वजा ७, अधिक लोकसंख्येचा आकडा. दोन फाशांची सरासरी सातच, म्हणून गोळाबेरीज अशी होते की जितकी वस्ती दाट तितका कायदा कडक. खाणीतल्या शंभर माणसांच्या वस्तीवर कोणी विचारत नाही, अब्जभर लोकांच्या जगात पेपर कापायची सुरीही दाखवावी लागते. हा समतोल खेळ बनवणाऱ्यांनी आपल्यासाठी आयता करून ठेवला आहे.

पायरी ३: बंदीचा तक्ता दोन रकान्यांत एकत्र वाचा

इथे जरा थांबू, कारण सगळी गंमत इथेच आहे. तक्त्यात शस्त्रांचा एक रकाना आहे आणि चिलखताचा दुसरा. बंदी चढत जाते, म्हणजे चौथ्या पातळीवर पहिल्या तिन्हींच्या बंद्याही लागू असतात.

शून्यावर काहीही चालतं. १वर विषारी वायू, स्फोटकं आणि यंत्रात न सापडणारी शस्त्रं बंद, चिलखतात बॅटल ड्रेस बंद. २वर लेझर आणि इतर ऊर्जाशस्त्रं बंद, कॉम्बॅट आर्मर बंद. ३वर लष्करी शस्त्रं आणि फ्लॅक जॅकेट. ४वर सबमशीनगन आणि क्लोथ. ५वर लपवता येणारी शस्त्रं, म्हणजे पिस्तुलं आलीच, आणि मेश, म्हणजे धातूच्या जाळीचं चिलखत. ६वर शॉटगन आणि स्टनर (माणसाला बेशुद्ध करणारं शस्त्र) सोडून सगळ्या बंदुका. ७वर शॉटगनही. ८वर पाती असलेली सगळी शस्त्रं, स्टनर आणि डोळ्यांना दिसणारं कुठलंही चिलखत. ९वर सगळंच.

प्रत्येक रकाना स्वतंत्र वाचला तर हे नुसतं सरळ चढत जाणाऱ्या जिन्यासारखं वाटतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की चित्र वेगळं दिसतं.

लॉ लेव्हल ३ घ्या. क्लोथ अजून चालतं, पण लष्करी शस्त्रं गेली. संरक्षण ८ विरुद्ध साधी रायफल. लढाई लांबते, पळायला, बोलायला, शरण जायला वेळ मिळतो. नव्या टेबलासाठी मी पहिलं जग नेहमी लॉ ३चं ठेवतो.

आता लॉ लेव्हल ५. चिलखतं जवळपास सगळी गेली, चामड्याचं जॅक तेवढं राहिलं. पण शिकारीची साधी रायफल अजून चालते, ती सहाव्या पातळीवर बंद होते. म्हणजे ३डीची रायफल कायदेशीर आणि तिच्यापासून वाचवणारं काहीही बेकायदेशीर. दोन गोळ्यांत माणूस संपतो तो हिशेब आठवा. ५ हा आकडा बघून नव्या रेफ्रीला वाटतं, मध्यम कडक जग आहे, सुरक्षित असेल. प्रत्यक्षात तक्त्यातलं सगळ्यात जीवघेणं जग तेच. ६वर शॉटगन राहते, ४डीची, पण ती लपत नाही आणि उघड्यावर शस्त्र घेऊन फिरलेलं चालत नाही.

७ आणि ८ला पुन्हा वातावरण निवळतं. सातव्या पातळीवर पाती आणि स्टनर विरुद्ध जॅक. साधं ब्लेड २डी, खंजीर १डी+२. आता ते चामड्याचं जॅकेटही कामाचं वाटतं आणि ज्या प्लेअरने हौसेने ब्लेडचं कौशल्य घेऊन ठेवलंय त्याचा दिवस उजाडतो.

सेशनची तयारी करताना मी हेच बघतो. कशा प्रकारची मारामारी हवी आहे ते ठरवतो आणि तशा लॉ लेव्हलचं जग निवडतो.

पायरी ४: आकड्याचा कायदा करा

"लॉ लेव्हल ६ आहे" असं सांगितलं तर प्लेअरच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. प्रत्येक जगासाठी तीन गोष्टी एकेका वाक्यात लिहून ठेवा: काय बंद आहे, कोण तपासतं, आणि सापडलं तर काय होतं. उदाहरणार्थ: "रायफली, पिस्तुलं बंद, शॉटगन शेतकरी परवान्यावर ठेवतात. तपासणी फक्त शहराच्या वेशीवर. सापडलं तर जप्ती आणि दंड, दुसऱ्यांदा कोठडी."

इथे आपल्या आजूबाजूचं निरीक्षण उपयोगी पडतं. आपल्याकडे बंदुकीला परवाना लागतो आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. हे थेट उचला. एरवी लॉ ४ असलेलं जग, पण या महिन्यात निवडणूक आहे, राजा वारला आहे किंवा संप चालू आहे, म्हणून आठवडाभर ६. प्लेअर मागच्या वेळच्या माहितीवर विसंबून पिस्तूल लावून उतरले की बाकीचं सेशन आपोआप चालतं. फक्त एक करा: उतरण्याआधी रेडिओवर सूचना येऊ द्या. ती ऐकायची की नाही ते त्यांनी ठरवावं.

राज्य कायदा स्वतःला लावत नाही, हेही लक्षात असू द्या. लॉ ९च्या जगात लोकांकडे काही नसतं, म्हणजे कोणाकडेच नसतं असं नाही. पोलिसांकडे असतं, आणि पोलिसांनी फोन केला की सैन्याकडे बॅटल ड्रेसही असतो.

पायरी ५: रेघ कुठे आहे ते दाखवा

ट्रॅव्हलरच्या मूळ विश्वात, थर्ड इम्पीरियममध्ये, साम्राज्याची सत्ता ताऱ्यांच्या *मधल्या* जागेवर आहे; प्रत्येक जग आपला कारभार आपण बघतं. स्टारपोर्ट साम्राज्याच्या हद्दीत येतं. त्याचं कुंपण ओलांडलं की स्थानिक कायदा सुरू. या रेघेला एक्स्ट्रॅलिटी लाइन म्हणतात. टेबलावर ती रेघ अक्षरशः काढा, नकाशावर लाल पेनाने. अलीकडे कॉम्बॅट आर्मर घालून जहाजाची डागडुजी करता येते, पलीकडे ते पेटीत असलं तरी गुन्हा.

रेघेवर नाटक होतं आणि ते करायला लाजू नका. आमच्या टेबलावरचा संवाद जसा आठवतो तसा:

"पेटीत काय आहे?"
"कपडे."
"वीस किलो दाखवतंय."
"जाड आहेत, साहेब. थंडी असते ना."
"इथे भूमध्यरेषा आहे."

याच्यापुढे फासे. पण कोणत्या कौशल्यावर, हे प्लेअरच्या तोंडून येऊ द्या. खोटं रेटायचं तर डिसेप्शन, नियमावर बोट ठेवायचं तर अ‍ॅडव्होकेट, फॉर्म भरून खरोखर परवानगी मिळवायची तर अ‍ॅडमिन. प्लेअरांच्या पार्टीत एखादा तरी असा असतो ज्याने अ‍ॅडमिन घेतलेलं असतं आणि दहा सेशन ते वापरायला मिळालेलं नसतं. त्याच्यासाठी ही रेघ म्हणजे दिवाळी.

आणि एक रस्ता कायम उघडा ठेवा: जमा करून पावती घेणे. सरळ मार्गाने जाणाऱ्याची वस्तू सुरक्षित राहते हे प्लेअरना एकदा दिसलं पाहिजे, नाहीतर ते प्रत्येक वेळी चोरूनच नेतील.

पायरी ६: किती वेळा अडवायचं?

जुन्या आवृत्तीचा नियम मला अजून आवडतो: दोन फासे टाका, लॉ लेव्हलइतके किंवा जास्त आले तर पोलीस त्रास देत नाहीत. लॉ ३वर छत्तीसातली एकच शक्यता अडवणुकीची. लॉ ५वर सहात एकदा. रेजिनासारख्या लॉ ९वर मात्र चारातल्या जवळजवळ तीन वेळा कोणीतरी "जरा इकडे या" म्हणणारच.

हा फासा दर चौकात टाकू नका, कंटाळा येतो. दिवसातून एकदा, आणि शिवाय प्लेअर काहीतरी डोळ्यांवर येणारं करतात तेव्हा. अडवणं म्हणजे लढाई नव्हे हेही ठरवून टाका. बहुतेक वेळा ओळखपत्र, दोन प्रश्न, जा. अंगावर चिलखत असेल तरच गोष्ट पुढे सरकते.

पायरी ७: वादाच्या वस्तू आधीच ठरवा

तक्ता सगळं सांगत नाही, आणि जे सांगत नाही त्यावरच प्लेअर बोट ठेवतो. माझे निवाडे देतो. तुमचे वेगळे असले तरी चालतील, फक्त सेशनच्या आधी ठरलेले असावेत.

व्हॅक सूट. त्याला स्वतःचं संरक्षण असतं, आणि तक्त्यात त्याचं नाव नाही. श्वास घेता येत नाही अशा जगात तो कपडा आहे, पोलीसही तोच घालतात. जिथे हवा चांगली आहे तिथे स्टारपोर्टच्या बाहेर सूट घालून हिंडणारा माणूस हेल्मेट घालून बँकेत शिरल्यासारखा दिसतो. बंदी नाही, पण अडवणुकीच्या फाशावर मी लॉ लेव्हल दोनने जास्त धरतो.

रिफ्लेक, म्हणजे लेझर परतवणारा चकचकीत सूट. फक्त लेझरविरुद्ध १० संरक्षण, बाकी कशालाच नाही, आणि कपड्यांखाली घालता येतं. मी आठव्या पातळीपर्यंत चालू देतो. ज्या जगात लेझरच बंद आहेत तिथे रिफ्लेक घालणाऱ्याचा काय विचार आहे, हा प्रश्न अधिकाऱ्याला पडला तर तो स्वाभाविक आहे.

कोटाखाली क्लोथ. क्लोथ म्हणजे गोळी अडवणाऱ्या कापडाचा पूर्ण सूट. टेक लेव्हल १०चा सैल कपड्यांखाली नजरेतून सुटू शकतो, अंगझडतीतून नाही. टेक लेव्हल ७चा दहा किलोचा असतो, तो लपत नाही. यावर वाद ऐकून घेऊ नका.

अवजारं. खाणीतलं कटर, कसायाचा सुरा, स्फोटकांची पेटी असलेला इंजिनिअर. काम चालू आहे तिथे चालतं, खानावळीत नाही.

आणि सगळ्यात मजेचा प्रश्न: जहाज हे घर आहे का? जुन्या आवृत्तीत नवव्या पातळीची बंदी *घराबाहेर* शस्त्र बाळगण्यावर होती. मग जहाजाच्या शिप्स लॉकरमधल्या बंदुका घरातल्या झाल्या ना? आमच्याकडे यावर पाऊण तास वाद झाला आणि शेवटी अ‍ॅडव्होकेट कौशल्य असलेल्या प्लेअरने तो रेजिनाच्या काल्पनिक कोर्टात लढवला. हरला, पण दंड निम्मा करून आणला.

पायरी ८: शत्रूलाही कायदा लावा

ही पायरी मी स्वतः सगळ्यात उशिरा शिकलो. लॉ लेव्हल ही प्लेअरविरुद्धची बेडी नाही. लॉ ७च्या शहरातल्या गुंडांकडेही बंदुका नसतात, त्यांच्याकडे साखळ्या, सुरे आणि एखादा चोरलेला स्टनर असतो. चिलखत काढून ठेवायला लावलं आणि समोरून लेझर आणले तर प्लेअर पुन्हा कधी तुमच्या रेघेचा मान ठेवणार नाहीत, आणि बरोबर करतील.

एखाद्या गुंडाकडे बंदूक असेल तर ती बातमी झाली पाहिजे. कुठून आली? कोणी आत आणली? स्ट्रीटवाइज कौशल्याला इथे काम मिळतं. माझ्या टेबलावर लॉ ८च्या जगात झाडलेल्या एका गोळीवरून चार सेशनचं प्रकरण उभं राहिलं, कारण त्या शहरात वर्षानुवर्षं कोणी गोळीचा आवाज ऐकलेला नव्हता.

टेक लेव्हलही याच कामाला लावा. कायदा शून्य पण टेक लेव्हल ५ असेल तर बॅटल ड्रेस घालायला कोणी अडवणार नाही, पण बिघडला तर दुरुस्त करणाराही मिळणार नाही. खरी धोक्याची जागा म्हणजे कायदा ढिला आणि तंत्रज्ञान पुढे गेलेलं. असं जग कॅम्पेनमध्ये एखादंच ठेवा आणि तिथे जाण्याआधी प्लेअरना त्याचं नाव दोन-तीनदा ऐकू द्या.

पायरी ९: गाडी आधीच घसरली असेल तर

समजा, माझ्यासारखं तुम्हीही आर्मर देऊन बसला आहात. ते चोरीला घालवू नका. रात्री झोपेत कोणीतरी पळवलं, जहाजाला आग लागली, हे प्लेअरला लगेच कळतं आणि राग तुमच्यावर निघतो. नियम मध्येच बदलू नका.

सेशनच्या सुरुवातीला सरळ सांगा: "आजवर मी लॉ लेव्हलकडे दुर्लक्ष केलं, आजपासून नाही करणार. तुमच्या वस्तू तुमच्याच आहेत, पण कुठल्या जगात काय चालतं हे मी उतरण्याआधी सांगीन." मग पुढची तीन कामं अशी द्या की दोन दाट वस्तीच्या जगात असतील आणि तिसरं असं की जिथे आर्मरशिवाय जाणं मूर्खपणा ठरेल: बेवारस जहाज, लॉ शून्यची खाण, चाच्यांचा तळ. आर्मरवाल्याला त्याचा दिवस मिळालाच पाहिजे. वस्तू दिली आणि कधीच वापरू दिली नाही तर ती न दिल्यासारखीच. त्या तिसऱ्या कामात पासष्ट गोळ्यांचा हिशेब मनसोक्त चालू द्या, बाकीच्यांना आडोशाला, कंट्रोल पॅनेलपाशी, जखमींपाशी काम द्या.

आमच्याकडे हे जुळायला दोन महिने गेले. डॉक्टरवाल्या प्लेअरने नवं कॅरेक्टर केलं, एक निवृत्त कस्टम्स अधिकारी, आणि ते मुद्दाम होतं हे तिने कधी लपवलं नाही. आर्मर आता बहुतेक वेळ स्टारपोर्टच्या गोदामात पावतीवर पडलेलं असतं. मागच्या महिन्यात मात्र त्या पठ्ठ्याने ती पावतीच हरवली, आणि सध्या आमची पार्टी रेजिनाच्या एका कचेरीत टेबल नंबर चारपाशी रांगेत उभी आहे.